मागे वळलेली मान : बदकाच्या पिल्लांचे आकस्मिक मृत्यू आणि त्यांचे निदान

अंड्यातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे हा बदकाच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक काळ असतो, आणि घरगुती पातळीवर दोन-चार किंवा दहा-बारा पिल्ले पाळणाऱ्यांचे बहुतेक नुकसान याच काळात होते. या मृत्यूंचे एक वैशिष्ट्य असे की ते जवळजवळ नेहमी ‘अचानक’ झालेले वाटतात. सकाळी इतरांबरोबर धावणारे, पाण्यात चोच खुपसणारे पिल्लू दुपारी मागे पडू लागते, डोळे अर्धवट मिटून बसते, मग एका कुशीवर पडून दोन्ही पायांनी हवेत झटके देते, त्याची मान पाठीकडे ताणली जाऊन डोके जवळजवळ शेपटीच्या दिशेला जाते, आणि त्याच अवस्थेत ते मरते. मान व पाठ अशा रीतीने मागे ताठरण्याला वैद्यकात ओपिस्थोटोनस म्हणतात. पाळणाऱ्याच्या मनावर ही आकृती कायमची कोरली जाते, आणि एकदा ती पाहिलेला माणूस पुढच्या वेळी तेवढ्यावरूनच रोग ओळखू पाहतो. या लेखाचा मुख्य मुद्दा असा आहे की तसे करता येत नाही, कारण हीच मागे वळलेली मान परस्परांशी कसलाही संबंध नसलेल्या अनेक कारणांनी दिसते, त्या कारणांवरचे उपाय एकमेकांहून अगदी वेगळे आहेत, आणि खरे कारण पिल्लू डोळ्यांआड पुरण्यापूर्वी त्याच्या यकृतातच शोधावे लागते.

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांत, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, बदकपालन हा काही परंपरेने चालत आलेला व्यवसाय नाही. हा मुलूख संत्र्यांच्या बागांचा, कापसाचा, मक्याचा. परसात असतात त्या कोंबड्या. बदके येतात ती मुलांच्या हौसेखातर, पुठ्ठ्याच्या खोक्यातून, आणि त्यांना सांभाळण्याची पद्धत कोंबडीच्या पिल्लांवरून बेतलेली असते. जामसांवलीसारख्या गावात, जिथे निजलेल्या हनुमंताच्या दर्शनाला दूरदूरचे लोक व्याधी निवारणाच्या श्रद्धेने येतात, तिथे घरातल्या मुक्या जिवाच्या अकस्मात मरणालाही दृष्ट, बाधा किंवा ‘वारे लागले’ असे स्पष्टीकरण सहज सुचते. श्रद्धेचा मान ठेवूनही एवढे म्हणावेच लागेल की असे स्पष्टीकरण मिळाले की शोध तिथेच थांबतो. पिल्लू पुरले जाते, आणि त्याला मारणारी गोष्ट घरात, पोत्यात किंवा डालग्याच्या तळाशी तशीच राहून उरलेल्या पिल्लांची वाट पाहत असते.

या मृत्यूंच्या अभ्यासात सर्वांत आधी नाव येते ते बदकांच्या विषाणुजन्य यकृतदाहाचे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या लाँग आयलंड या बेटावर बदकपालन मोठ्या प्रमाणावर होत असे, आणि तिथे १९४९ मध्ये लेव्हिन व फॅब्रिकंट या संशोधकांनी या रोगाचा विषाणू प्रथम वेगळा केला. हा रोग वयाशी विलक्षण बांधलेला आहे. एका आठवड्याच्या आतील पिल्लांत शंभरातील पंचाण्णवांपर्यंत मृत्यू होऊ शकतात, एक ते तीन आठवड्यांच्या पिल्लांत ते प्रमाण निम्म्यावर किंवा त्याखाली येते, आणि चार-पाच आठवडे ओलांडलेले पिल्लू त्याच जागेत, त्याच पाण्यावर राहूनही बहुधा सुखरूप राहते. संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत एक-दोन दिवसच जातात, लक्षण दिसल्यापासून मृत्यूपर्यंत कित्येकदा तासभरही लागत नाही, आणि कळपातली बहुतेक पडझड तीन-चार दिवसांत संपून जाते. मृत पिल्लाचे पोट उघडले असता यकृत सुजलेले आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांपासून पसरट डागांपर्यंत रक्तस्रावाच्या खुणा दिसतात. प्रतिजैविके, म्हणजे जिवाणूंना मारणारी औषधे, विषाणूवर चालत नाहीत. म्हणून औषधविक्रेत्याकडून विचारून आणलेली पुडी पाण्यात कालवण्याचा या रोगात काही उपयोग होत नाही.

आता दुसरे कारण पाहावे. ते छिंदवाडा-पांढुर्ण्याच्या मातीशी अधिक जवळचे असल्यामुळे त्याचा विचार सविस्तर करणे भाग आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांच्या अवधीत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि कारण न कळल्यामुळे त्या मरीला ‘टर्की एक्स’ असे नाव पडले. त्याच सुमारास बदकाची आणि फेझंट पक्ष्याची पिल्लेही मरू लागली. संसर्गाचा माग लागेना तेव्हा शोध खाद्याकडे वळला, आणि ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत, म्हणजे आपल्याकडे जिला ढेप म्हणतात तिच्यात, दोष सापडला. त्या ढेपेवर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढली होती आणि बुरशीने तयार केलेले विष पक्ष्यांचे यकृत नासवत होते. बुरशीच्या नावावरूनच या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हटले गेले. या विषाबद्दल बदकाचे पिल्लू इतके संवेदनशील निघाले की पुढे कित्येक वर्षे प्रयोगशाळांत एखाद्या खाद्यात हे विष आहे की नाही हे ठरवण्यासाठी एक दिवसाची बदकाची पिल्लेच वापरली जात. सुमारे ५० ग्रॅम वजनाचे असे पिल्लू मारण्यास या विषाचा बी-१ हा प्रकार १८ मायक्रोग्रॅमच्या आसपास पुरतो. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्याच वजनाच्या कोंबडीच्या पिल्लाला मारण्यास कित्येक पट अधिक मात्रा लागते. म्हणूनच एकाच अंगणात, एकाच पोत्यातील मक्याचा भरडा खाऊन कोंबडीची पिल्ले हिंडत राहतात आणि बदकाची मरतात, आणि पाळणारा असा तर्क करतो की खाद्य चांगलेच असले पाहिजे, नाहीतर कोंबड्याही मेल्या असत्या. या तर्काइतकी बदकांची हानी दुसऱ्या कशाने होत असेल असे वाटत नाही.

मक्याचे कणीस काढणीच्या वेळी परतीच्या पावसात सापडले, किंवा पुरेसे न वाळवता दाणे पोत्यात भरले, की ही बुरशी धरते. सोललेल्या कणसाच्या टोकाकडे, जिथे अळीने दाणे पोखरलेले असतात, तिथे हिरवट-पिवळसर पूड बसलेली दिसते. नखाने खरवडली तर ती धुळीसारखी उडते आणि तिला कुबट वास येतो. अशी कणसे माणसासाठी बाजूला काढली जातात आणि ‘जनावरांना चालतील’ म्हणून भरडली जातात, आणि तिथेच चूक होते. कारण एकदा भरडल्यावर ती हिरवी पूड डोळ्यांना दिसत नाही, आणि धुऊन, उन्हात घालून किंवा घरच्या चुलीवर शिजवून तिच्यातले विष जाण्यासारखे नसते. बुरशी मरते, विष उरते. हा धोका पक्ष्यांपुरताच आहे असेही समजू नये. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांच्या आदिवासी खेड्यांत बुरशीचा मका खाल्ल्याने शेकडो माणसे काविळीने आजारी पडली, त्यांतील १०६ दगावली, आणि त्याच घरांतील तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. ज्या घरात बदकाची पिल्ले खाद्यातून मरतात, त्या घराने आपल्या कणगीतला आणि गाईम्हशींच्या गव्हाणीतला मकाही तपासून पाहावा, कारण दुभत्या जनावराने खाल्लेल्या या विषाचा अंश दुधात उतरतो.

अफ्लाटॉक्सिनने बाधलेले पिल्लू काही दिवस नीट वाढत नाही, खाणे कमी करते, लंगडते, आणि त्याच्या पायांच्या व पडद्यांच्या कातडीखाली रक्त साकळून तिथे जांभळट झाक येते. हे जांभळे पाय लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण ते दिसले तर संशय खाद्याकडे वळवण्यास आधार मिळतो. परंतु दोन-चार पिल्ले सांभाळणाऱ्याच्या नजरेतून वाढीतला फरक बहुधा निसटतो आणि त्याला दिसते ते शेवटचे दृश्य : तोल जाणे, झटके, आणि पाठीकडे ताणलेली मान. म्हणजे विषाणूने मेलेले आणि ढेपेने मेलेले अशी दोन्ही पिल्ले शेजारी ठेवली तर बाहेरून त्यांच्यात भेद करणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. यकृतात मात्र भेद असतो. विषबाधेत ते फिकट, पिवळसर होते, दीर्घकाळ थोडे थोडे विष पोटात गेले असेल तर आक्रसून टणक होते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पित्तनलिकांच्या पेशी भराभर वाढलेल्या दिसतात. विषाणूच्या बाबतीत आजारी-निरोगी वेगळे करणे, भांडी आणि जागा निर्जंतुक करणे हा मार्ग असतो. विषबाधेच्या बाबतीत कितीही निर्जंतुकीकरण केले तरी जोवर ते पोते बाहेर जात नाही तोवर मरण थांबत नाही.

या दोहोंखेरीज तिसरा एक जिवाणुजन्य रोग आहे, रिमेरेला ॲनाटिपेस्टिफर या जिवाणूमुळे होणारा, ज्यात एक ते आठ आठवड्यांच्या पिल्लांच्या नाका-डोळ्यांतून पाणी गळते, डोके थरथरते, चाल अडखळते आणि शेवटी मान तशीच मागे जाते. इथे योग्य प्रतिजैविक वेळेवर दिले तर मात्र पिल्ले वाचू शकतात. बदकांचा प्लेग हा वेगळा, नागिणीच्या कुळातील विषाणूचा रोग असून तो १९२३ मध्ये नेदरलँड्समध्ये नोंदला गेला आणि भारतात त्याची पहिली नोंद १९६३ मध्ये पश्चिम बंगालात झाली. तो मोठ्या बदकांनाही सोडत नाही, आणि त्याविरुद्ध आपल्याकडे लस आहे. परंतु ती साधारणपणे दोन महिन्यांच्या पुढे दिली जात असल्याने अगदी कोवळ्या पिल्लांचे रक्षण त्यांना बाहेरच्या बदकांपासून, तळ्याच्या पाण्यापासून दूर ठेवूनच करावे लागते.

रोगांच्या या यादीपेक्षा साधी कारणे संख्येने अधिक असतात. बदक हा पाणपक्षी, म्हणून पिल्लांना आणल्या दिवशीच टोपात सोडून पोहताना पाहण्याचा मोह घरोघरी होतो. पण आईच्या पंखांखाली वाढणाऱ्या पिल्लाच्या लवेला तिच्या पिसांचा तेलकटपणा लागलेला असतो, तर यंत्रात उबवलेले पिल्लू भिजले की स्पंजासारखे पाणी धरते, गारठते, आणि डिसेंबरच्या रात्री ऊब न मिळाल्यास सकाळपर्यंत मरते. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सियस तापमान असावे आणि नंतर ते दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी उतरवावे. पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर ऊब कमी आहे, आणि चोच उघडी ठेवून कडेला पळत असतील तर जास्त आहे, हे पाहूनही कळते. पिण्याचे भांडे मात्र नाकपुड्या बुडतील एवढे खोल हवे, कारण बदक कोरडे खाद्य पाण्याशिवाय गिळू शकत नाही आणि नाकपुड्या धुता न आल्यास त्या चिकटून बंद होतात. त्याच वेळी पिल्लाला आत बसता येऊ नये, म्हणून भांड्याच्या मध्यभागी स्वच्छ दगड ठेवण्याची युक्ती चांगली.

अंथरुणाची बाब अशीच दुर्लक्षित राहते. सोयाबीनचे किंवा गव्हाचे कुटार पाऊस लागलेले असेल, आतून काळे पडून कुबटले असेल, तर त्यातील बुरशीचे बीजाणू, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे तिचे बी, श्वासातून फुप्फुसात जातात आणि पिल्लू मान लांब करून, चोच उघडून धापा टाकू लागते. हा आजार ऊबघरातला न्यूमोनिया म्हणून ओळखला जातो आणि त्यावर घरगुती इलाज नाही. बदके पाणी सांडतातच, त्यामुळे त्यांचे अंथरूण कोंबड्यांच्या अंथरुणापेक्षा फार लवकर ओलावते, आणि ते रोज चाळवून ओला भाग काढून टाकण्याची सवय नसेल तर सुके कुटार घालूनही चार दिवसांत तीच अवस्था येते.

उन्हाळ्यात या भागातल्या जाम नदीचे पात्र आटून जागोजागी डबकी उरतात. अशा उथळ, कोमट, कुजलेल्या पाण्यात मेलेला मासा किंवा पक्षी असेल तर त्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे विष तयार होते. त्या मढ्यावरच्या अळ्यांना त्याची बाधा होत नाही, मात्र अळ्या वेचून खाणाऱ्या बदकाच्या पोटात ते साठलेले विष एकदम जाते. येथे मान मागे ताणली जात नाही, ती लुळी पडून जमिनीवर लोळते, पापण्या आणि पाय निकामी होतात. मानेच्या स्थितीवरून काही सांगता येईल असे हे एक कारण आहे, आणि तेही खात्रीचे नव्हे. संत्र्याच्या बागेत किंवा कपाशीत फवारणी झाल्यावर बांधावर सोडलेली पिल्ले लाळ गाळत, थरथरत मरतात, तसेच पेरणीच्या वेळी सांडलेले औषध लावलेले रंगीत बियाणेही त्यांच्या जिवावर बेतते. फोरेटसारखी अतिविषारी दाणेदार औषधे ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद असली, तरी जुन्या पिशव्या गोठ्याच्या माळ्यावर राहिलेल्या असू शकतात.

केवळ मक्याच्या भरड्यावर वाढवलेल्या पिल्लांचे पाय वाकडे होतात आणि घोटे सुजतात, त्यामागे निआसिन या जीवनसत्त्वाची कमतरता असते. बदकाच्या पिल्लाला ते एक किलो खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम लागते, म्हणजे कोंबडीच्या पिल्लाच्या जवळजवळ दुप्पट, आणि मक्यातील निआसिन पक्ष्याला नीट वापरता येत नाही. असे पिल्लू लगेच मरत नाही, पण पाण्यापर्यंत पोहोचू न शकल्याने किंवा इतरांच्या पायांखाली येऊन दगावते आणि तेही ‘अचानक’ म्हणूनच मोजले जाते.

या भागातील पाळणाऱ्याने बर्ड फ्ल्यूचा विचार टाळून चालणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ या विषाणूने मरण पावले, आणि जानेवारी २०२५ च्या अखेरीस छिंदवाड्यात पाळीव मांजरांच्या नमुन्यांत तोच विषाणू आढळल्यावर तेथील चिकनचा बाजार काही काळ बंद ठेवावा लागला. या दोन ठिकाणांच्या मध्ये सौंसर आणि जामसांवली आहेत, एवढे सांगणे पुरे. मोठे बदक हा विषाणू कित्येकदा लक्षणांशिवाय वागवते, लहान पिल्ले मात्र त्याने मरू शकतात, आणि त्यांच्यातही मान पिळवटणे व तोल जाणे दिसते. म्हणून एकाच वेळी अनेक पिल्ले किंवा पिल्लांबरोबर कोंबड्या, कावळे, मांजरे मरत असतील तर मेलेला पक्षी स्वतः कोठेही नेऊ नये. त्याला हात न लावता जागेवरूनच पशुवैद्यकीय विभागाला कळवावे. मध्य प्रदेशात फिरत्या पशुचिकित्सा सेवेसाठी १९६२ हा क्रमांक आहे. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधासाठी २००९ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानेही अशा संशयाची सूचना देणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य ठरवले आहे. संशयित नमुन्यांची अंतिम तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते.

असा सार्वत्रिक संशय नसेल आणि एखाददुसरे पिल्लू मेले असेल, तर पहिल्या तासाभरात जे केले जाते त्यावर उरलेल्यांचे भवितव्य ठरते. मृत पिल्लू हातमोजे किंवा उलटी केलेली प्लास्टिकची पिशवी हातात घालून उचलावे, दुहेरी पिशवीत बांधावे आणि बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पशुवैद्यकापर्यंत पोहोचवावे. ते फ्रीजरमध्ये गोठवू नये, कारण गोठल्याने पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी व्यर्थ जाते. मे महिन्याच्या उन्हात तसेच ठेवले तर काही तासांत यकृत सडून काहीच कळत नाही. घरी पोट फाडून पाहण्याचा प्रयत्न कोणी करू नये. पिल्लाबरोबर ते खात असलेल्या खाद्याचा मूठभर नमुना पोत्याच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या भागातून घेऊन कागदी पिशवीत द्यावा, कारण बुरशी पोत्यात सगळीकडे सारखी नसते आणि वरचा स्वच्छ दाणा हमखास दिशाभूल करतो. पिल्लाचे वय, आणल्याची तारीख, आजार प्रथम कधी दिसला आणि आदल्या दोन दिवसांत काय बदलले, नवे पोते फोडले का, बागेत फवारणी झाली का, हे कागदावर लिहून सोबत द्यावे. जवळच्या दवाखान्यात शवविच्छेदनाची सोय नसेल तर तेथील डॉक्टरांच्या चिठ्ठीने नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात ते करून घेता येते. अंतर फार नाही, आणि दोनशे रुपयांच्या पिल्लासाठी एवढी खटपट कशाला, असे म्हणणाऱ्याने ते पिल्लू उराशी धरून झोपणाऱ्या मुलाकडे एकदा पाहावे.

निदान येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. चालू पोते त्याच क्षणी बंद करावे, फेकू नये पण कोणत्याही प्राण्याला घालू नये, आणि उरलेल्या पिल्लांना ताजे पाकीटबंद खाद्य द्यावे. ते कोंबडीच्या पिल्लांचे असल्यास त्यात कोणते औषध मिसळले आहे हे लेबलवर पाहून डॉक्टरांना विचारावे, कारण ती मात्रा कोंबडीच्या खाण्याच्या प्रमाणावर ठरवलेली असते आणि बदक अधिक खाते. अंथरूण बदलावे, पिण्याचे पाणी उकळून गार केलेले द्यावे, सुस्त पिल्ले वेगळी करावीत, आणि सांभाळणाऱ्याने आधी निरोगी पिल्लांकडे व मग आजारी पिल्लांकडे जावे, उलट नव्हे. मुलांनी हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाला लावू नयेत व पिल्लांचे मुके घेऊ नयेत, कारण धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जिवाणू असू शकतो. मृत पिल्ले नदीत किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. विहिरीपासून आणि नदीपासून दूर खोल खड्डा करून, चुना घालून पुरावीत.

राहता राहिला प्रश्न पुन्हा पिल्ले आणण्याचा. कारण खाद्यात सापडले असेल तर साठवणीची जागा पालटावी लागते. दाण्यातील ओल १२-१३ टक्क्यांहून कमी असावी, पोती भिंतीला न टेकता फळीवर ठेवावीत, आणि पावसाळ्यात दोन आठवड्यांपुरतेच खाद्य भरावे. निदान विषाणुजन्य यकृतदाहाचे असेल तर मात्र जी पिल्ले वाचली त्यांच्याकडेच अधिक सावधपणे पाहावे लागते. ती चार दिवसांत टुणटुणीत होतात, त्यांना पाहून घरच्यांना धीर येतो आणि मेलेल्यांच्या जागी नवी जोडी आणण्याची घाई होते. पण बरे झालेले पिल्लू सुमारे आठ आठवडे विष्ठेतून विषाणू टाकत राहते, तो विषाणू ओल्या विष्ठेत महिनाभराहून अधिक टिकतो, आणि उंदरांमार्फतही तो एका जागेतून दुसरीकडे जाऊ शकतो. तेव्हा वाचलेली पिल्ले बरी होऊन दोन महिने उलटेपर्यंत व खुराडे रिकामे होईपर्यंत, त्याची जमीन खरवडून, चुना मारून, आठवडाभर कडक ऊन खाईपर्यंत, आणि उंदरांची बिळे बुजेपर्यंत त्या अंगणात एक दिवसाचे पिल्लू आणू नये.